कॅमेरा डोळ्यांत की खांद्यामागे?

व्हिडिओ गेम घडवणाऱ्या चमूला सुरुवातीलाच जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांत कॅमेरा कोठे ठेवायचा हा निर्णय बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्याइतका दूरवर परिणाम करणारा दुसरा निर्णय क्वचितच असतो. येथे कॅमेरा म्हणजे कोणतेही यंत्र नव्हे. संगणकाने गणिताच्या आधारे उभ्या केलेल्या त्रिमिती जगातील तो एक काल्पनिक बिंदू असतो. त्या बिंदूवरून जग कसे दिसेल याचे चित्र संगणक दर सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने काढतो आणि तेच पडद्यावर उमटते. हा बिंदू खेळाडू चालवत असलेल्या पात्राच्या डोळ्यांच्या जागी ठेवला तर त्या रचनेला प्रथमपुरुषी किंवा, खेळणाऱ्यांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांत, फर्स्ट पर्सन म्हणतात. तो पात्राच्या मागे, थोडा वर किंवा खांद्याच्या बाजूला सरकवला आणि पात्र पाठमोरे दिसू लागले की ती तृतीयपुरुषी, म्हणजेच थर्ड पर्सन, रचना होते. मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा खेळ खेळणाऱ्या महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना यांची एफपीपी आणि टीपीपी ही लघुरूपे तोंडपाठ असतात.

सर्वसाधारण समज असा आहे की प्रथमपुरुषी रचनेत खेळाडू खेळाच्या जगात अधिक गुंगतो आणि तृतीयपुरुषी रचनेत तो त्या जगाकडे लांबून पाहतो. हा समज फार तर अर्धा खरा मानता येईल. रॉबर्ट माँटगोमेरी यांनी १९४७ साली ‘लेडी इन द लेक’ हा हॉलिवूडचा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे गुप्तहेराच्या डोळ्यांतून चित्रित केला. प्रयोग म्हणून त्याची नोंद राहिली, पण ती वाट पुढे मळली नाही, कारण डोळे गुप्तहेराचे असले तरी ते कोठे वळवायचे हे प्रेक्षकाच्या हाती नव्हते. गुंगून जाणे हे कॅमेऱ्याच्या जागेपेक्षा हात आणि दृष्टी यांच्या सांध्यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच पाठमोऱ्या मारिओला उड्या मारायला लावणारे मूलही एखाद्या दरीच्या काठावर श्वास रोखून धरते. दोन रचनांमधील खरा भेद ज्ञानाचा आहे. प्रथमपुरुषी रचनेत खेळाडूला पात्राहून अधिक काही दिसत नाही. तृतीयपुरुषी रचनेत त्याला पात्राहून अधिक दिसते, कारण पात्राच्या पाठीमागचे आणि भिंतीपलीकडचे जग कॅमेऱ्याच्या कक्षेत येते. भीती, चढाओढीतील न्याय, इमारतींची मापे आणि निर्मितीचा खर्च हे सारे प्रश्न या एका भेदातून फुटतात.

प्रथमपुरुषी रचना वयाने थोरली आहे. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३-७४च्या सुमारास ‘मेझ वॉर’ हा चक्रव्यूहातील खेळ आकाराला आला; त्यात रेषांनी आखलेल्या बोळांतून फिरणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्धी एका मोठ्या डोळ्याच्या रूपात दिसत असे. पुढे टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १९९२ साली ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आणि १९९३च्या डिसेंबरात ‘डूम’ काढले आणि हा प्रकार घरोघरच्या संगणकांवर पोहोचला. त्या काळच्या तुटपुंज्या संगणकशक्तीला ही रचना परवडणारी होती, हेही तिच्या यशाचे एक कारण मानले पाहिजे. नायकाचे संपूर्ण शरीर काढण्याची, ते चालते-बोलते करण्याची गरज नव्हती. पडद्याच्या तळाशी बंदूक धरलेला हात दाखवला की काम भागत असे. शिवाय डोळा शरीरातच असल्यामुळे आणि शरीर भिंतीतून जाऊ शकत नसल्यामुळे कॅमेराही भिंतीत अडकण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

तृतीयपुरुषी त्रिमिती खेळांना १९९६ साली ‘टूम रेडर’ आणि ‘सुपर मारिओ ६४’ या दोन खेळांनी सर्वदूर मान्यता मिळवून दिली. ‘टूम रेडर’ची नायिका लारा क्रॉफ्ट हिचे जग समान मापाच्या चौकोनी ठोकळ्यांनी रचलेले होते. उभ्याने मारलेली उडी किती ठोकळे पार करते आणि धावत मारलेली किती, याचा हिशेब खेळाडूला बसवता येत असे, आणि तो बसवता येई याचे कारण लाराची पावले कड्याच्या कोणत्या टोकाला टेकली आहेत हे पडद्यावर दिसत असे. उडी मारण्याच्या खेळांना तृतीयपुरुषी रचना का मानवते याचे उत्तर या पावलांत आहे. प्रत्यक्ष जीवनात माणसाला स्वतःचे पाय न पाहताही त्यांची जाणीव असते, खांदा भिंतीला घासला तर कळते, मागे कोणी उभे राहिले तर चाहूल लागते. पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूला यातले काहीच नसते. माणसाच्या दोन्ही डोळ्यांचे मिळून आडवे दृष्टिक्षेत्र १८० अंशांहून अधिक असते, तर प्रथमपुरुषी खेळात ते संगणकाच्या पडद्यावर साधारण ९० अंश आणि दूर ठेवलेल्या टीव्हीसाठी बहुधा त्याहूनही कमी ठेवले जाते. म्हणजे जी रचना वास्तवाच्या सर्वांत जवळची म्हणून वाखाणली जाते, ती वस्तुतः झापडे लावलेल्या, धड हरवलेल्या माणसाची दृष्टी देते. उलट ‘कृत्रिम’ मानलेली पाठीमागची दृष्टी शरीराची हरवलेली जाणीव डोळ्यांवाटे परत मिळवून देते.

‘सुपर मारिओ ६४’च्या निर्मात्यांपुढे वेगळीच अडचण होती: मारिओच्या मागे हवेत तरंगणारा हा डोळा कोणाचा, हे त्या काळच्या खेळाडूला सांगायचे कसे? निन्टेंडोने त्यावर काढलेला तोडगा आजही दाद देण्याजोगा वाटतो. ढगावर बसून मारिओचे चित्रण करणारा लाकिटू नावाचा प्राणी त्यांनी सुरुवातीलाच दाखवला. खेळाडू कॅमेरा फिरवतो तेव्हा वस्तुतः या छायाचित्रकाराला हलवत असतो. किल्ल्यातील आरशांच्या दालनात मारिओ गेला की आरशात त्याच्या मागे तरंगणारा लाकिटूही दिसतो. कॅमेऱ्याला असा देह देण्याची गरज पुढे उरली नाही, कारण दोन-तीन वर्षांत खेळाडूंच्या डोळ्यांना ही रचना सवयीची झाली.

कॅमेऱ्याचा गुंता मात्र कायम राहिला. आजच्या खेळांत पात्र आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक अदृश्य दांडा कल्पिलेला असतो. अनरियल या प्रसिद्ध निर्मितीप्रणालीत त्याला ‘स्प्रिंग आर्म’ असेच नाव आहे. संगणक पात्रापासून कॅमेऱ्यापर्यंत एक अदृश्य रेषा सतत टाकून पाहतो आणि मध्ये भिंत आली की दांडा आखडून कॅमेरा पुढे ओढतो. मोकळ्या मैदानात हे सारे बिनबोभाट चालते, पण अरुंद खोलीत कॅमेरा पात्राच्या मानेवर येऊन आदळतो आणि पडद्यावर केसांखेरीज काही दिसेनासे होते. तृतीयपुरुषी खेळांतील दारे गरजेपेक्षा रुंद, छते उंच आणि स्वयंपाकघरेही सभागृहाएवढी का असतात, असा प्रश्न चाणाक्ष खेळाडूला पडतो. त्याचे उत्तर असे की त्या खोल्या पात्रासाठी बांधलेल्याच नसतात, त्या पात्रामागे तरंगणाऱ्या डोळ्यासाठी बांधलेल्या असतात. अर्धा खेळ तयार झाल्यावर कॅमेऱ्याची जागा बदलण्याची टूम कोणी काढली तर सगळी वास्तू नव्याने आखावी लागते, ती यामुळेच.

नेम धरण्याचा प्रश्नही असाच किचकट आहे. प्रथमपुरुषी रचनेत डोळा आणि बंदूक जवळजवळ एका रेषेत असतात. खांद्यामागच्या कॅमेऱ्यातून मात्र पडद्याच्या मध्यावरची खूण शत्रूवर बरोबर बसलेली दिसते आणि तरीही गोळी समोरच्या खांबावर आदळते, कारण कॅमेऱ्याची दृष्टिरेषा खांबाच्या बाजूने निघून गेलेली असते आणि बंदुकीची नळी खांबाच्या आड असते. तलवारीच्या लढाईत अडचण आणखी वाढते, कारण तेथे शत्रूभोवती फिरत राहावे लागते आणि कॅमेरा सांभाळायला हात मोकळा नसतो. निन्टेंडोच्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ने १९९८ साली यावर जो उपाय काढला तो पुढे सगळ्यांनीच उचलला: एक कळ दाबली की कॅमेरा एका शत्रूवर खिळतो आणि नायक त्याच्याकडेच तोंड करून फिरतो. ही कल्पना सुचण्यामागे क्योटो येथील तोएई चित्रनगरीत पाहिलेला तलवारबाजीचा प्रयोग होता, असे त्या चमूतील लोकांनी पुढे सांगितले आहे.

ज्ञानाच्या भेदाचा सर्वांत बोधप्रद इतिहास जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हल’ या भयमालिकेत सापडतो, कारण एकाच मालिकेने जवळजवळ सगळे पर्याय वापरून पाहिले आहेत. १९९६ सालच्या पहिल्या खेळात कॅमेरा पात्राच्या डोळ्यांतही नव्हता आणि पाठीशीही नव्हता. तो प्रत्येक खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात कायमचा खिळलेला होता आणि मागचे दृश्य आधीच चितारून ठेवलेले होते. पात्र बोळाच्या वळणाशी पोहोचले की पुढे काय आहे ते त्या पात्राला दिसत असणार, पण कॅमेरा उलट बाजूने रोखलेला असल्यामुळे खेळाडूला दिसत नसे. ऐकू येई ती फक्त पाय फरफटल्याची आणि कण्हण्याची चाहूल. येथे खेळाडूला पात्राहून कमी कळते, आणि भीती नेमकी या तुटीतून निर्माण होते. तांत्रिक मर्यादेतून जन्मलेल्या या युक्तीइतके परिणामकारक भय पुढच्या अनेक महागड्या खेळांना साधलेले नाही, हे मान्य करावे लागेल.

शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली २००५ साली आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हल ४’ने कॅमेरा नायकाच्या उजव्या खांद्यामागे आणून ठेवला. नायक लिऑन पडद्याच्या डावीकडे सरकला, उजवी बाजू नेमासाठी मोकळी झाली आणि नेम धरताना त्याला पाऊलही उचलता येऊ नये असा नियम ठेवण्यात आला. कॅमेरा इतका जवळ आल्यामुळे पाठीमागचे फारसे दिसत नाही आणि तरीही नायकाचा देह सतत डोळ्यांसमोर राहतो; खेळाडूच्या माहितीला लावलेली ही मापीव कात्री इतकी यशस्वी ठरली की पुढची कित्येक वर्षे नेमबाजीच्या तृतीयपुरुषी खेळांनी तीच रचना गिरवली. नंतर मालिका भयापासून दूर जात हाणामारीकडे झुकली, तेव्हा २०१७ साली ‘रेसिडेंट ईव्हल ७’मध्ये कॅपकॉमने कॅमेरा थेट ईथन विंटर्स या सामान्य माणसाच्या डोळ्यांत बसवला. लुइझियानातील एका पडक्या घरात दार ढकलून आत शिरताना दाराच्या फळीमागे काय आहे हे पाहण्यासाठी आता पात्राची मानच पुढे करावी लागत होती. दोनच वर्षांनी जुन्या दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती काढताना त्याच कंपनीने पुन्हा खांद्यामागचा कॅमेरा वापरला. यातून कंपनीची धरसोड दिसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक खेळात खेळाडूपासून काय लपवायचे आहे हे ठरवून कॅमेऱ्याची जागा निवडली गेली, असाच अर्थ घेणे योग्य.

एकट्याने खेळायच्या खेळात अधिक दिसणे ही सोय ठरते. माणसे एकमेकांविरुद्ध खेळतात तेथे मात्र तोच अन्यायाचा विषय होतो. ‘पबजी’ या शंभर जणांच्या लढाईच्या खेळात एखादा खेळाडू भिंतीआड बसून राहिला तर त्याच्या डोक्यावर तरंगणारा कॅमेरा भिंतीपलीकडचे सारे मैदान पाहतो. मैदानातून धावत येणाऱ्याला मात्र भिंतीआड कोणी आहे याचा पत्ताच लागत नाही, कारण शरीराचा एकही भाग बाहेर आलेला नसतो. दडून बसणाऱ्याला फुकटात टेहळणी मिळते आणि धाडसाने पुढे जाणाऱ्याला शिक्षा. या तक्रारीची दखल घेऊन २०१७ सालीच फक्त प्रथमपुरुषी दृष्टीचे वेगळे सामने सुरू करण्यात आले. पुढच्या वर्षी बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दोन्ही प्रकारांसाठी स्वतंत्र अजिंक्यपदे ठेवली होती. तृतीयपुरुषी प्रकारात दक्षिण कोरियाचा जेन.जी गोल्ड संघ आणि प्रथमपुरुषी प्रकारात चीनचा ओएमजी संघ विजयी झाला. नकाशा तोच, शस्त्रे तीच, पण कौशल्ये वेगळी, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हॅलोरंट’ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांनी प्रथमपुरुषी रचनेला कायमचे धरून ठेवले आहे, कारण तेथे कोपऱ्यापलीकडे पाहायचे असेल तर स्वतःलाही थोडे उघडे पडावे लागते.

बाजाराचा हिशेब या चर्चेतून वगळता येत नाही. ‘फोर्टनाइट’सारखा खेळ फुकट खेळायला मिळतो आणि पात्रांना चढवायचे पोशाख विकून पैसे कमावतो, विकत घेतलेला पोशाख घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत राहायचा असेल तर कॅमेरा पाठीमागेच हवा. प्रथमपुरुषी खेळात स्वतःचे दिसते ते हात आणि शस्त्र, म्हणून ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये २०१३पासून बंदुकांच्या रंगीबेरंगी आवरणांचा बाजार तेजीत आला.

प्रथमपुरुषी रचनेची एक शारीरिक किंमतही आहे. डोळ्यांना धावण्याचा, वळण्याचा भास होतो आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर खुर्चीत स्थिर असल्याचे सांगते. या विसंवादामुळे अनेकांना, गाडी लागते तशी, मळमळ होते. दृष्टिक्षेत्र वाढवणे आणि चालताना डोके हलल्याचा परिणाम कमी करणे हे त्यावरचे नेहमीचे उपाय. स्वीडनच्या डाइस कंपनीने २००८ साली ‘मिरर्स एज’ हा इमारतींच्या गच्च्यांवरून उड्या मारत धावण्याचा खेळ प्रथमपुरुषी रचनेत आणला तेव्हा पडद्याच्या मधोमध एक लहानसा ठिपका ठेवला. त्याचा नेमबाजीशी फारसा संबंध नव्हता, गरगरणाऱ्या जगात डोळ्यांना टेकायला एक स्थिर जागा मिळावी एवढाच त्याचा हेतू होता.

काही निर्मात्यांनी प्रसंगानुसार दोन्ही रचना वापरण्याचा मार्ग धरला, आणि तो विचारपूर्वक वापरला तेथे उत्तम साधला. ‘मेट्रॉइड प्राइम’ हा २००२ सालचा खेळ अमेरिकेतील रेट्रो स्टुडिओजने आधी तृतीयपुरुषी म्हणून आखला होता. निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतो यांच्या आग्रहावरून तो प्रथमपुरुषी झाला. नायिका सॅमस हिच्या शिरस्त्राणाची काच हाच खेळाडूचा पडदा. वाफेतून गेली की काच धुरकट होते आणि जवळ स्फोट झाला की क्षणभर तिच्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब काचेवर उजळून निघते. तीच सॅमस चेंडूचा आकार घेऊन अरुंद नळ्यांतून घरंगळू लागली की कॅमेरा बाहेर येतो, कारण चेंडूच्या आतून पाहण्यात काही अर्थ नसतो. ‘हेलो’ या खेळानेही २००१ साली पायी चालताना डोळ्यांतून आणि गाडी हाकताना बाहेरून अशी वाटणी केली होती.

खेळाडूला केव्हाही कळ दाबून दृष्टी बदलू देण्याची मुभा ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिची मागणी नेहमीच होते. ‘सायबरपंक २०७७’ जवळजवळ पूर्णपणे प्रथमपुरुषी असणार हे कळताच पात्राचा चेहरा-पोशाख ठरवूनही तो फारसा दिसणार नाही, अशी तक्रार झाली होती. मुभा द्यायची तर खर्च बराच वाढतो. २०१३च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’मध्ये पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत प्रथमपुरुषी दृष्टी आणली गेली तेव्हा शस्त्र हाताळण्याच्या हालचाली, गाड्यांच्या आतील तबकड्या आणि काटे हे सारे जवळून पाहता येईल असे नव्याने घडवावे लागले. मोठ्या कंपन्यांना हे झेपते. लहान चमूंनी त्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ या खेळात कॅमेरा दूर, उंचावर आणि निर्मात्यांच्याच ताब्यात ठेवलेला आहे. काही खेळाडूंना कॅमेरा फिरवता न येण्याची अडचण वाटू शकते, पण राजस्थानी धाटणीचे महाल आणि त्यांच्यासमोर इवलीशी दिसणारी मुलगी यांचे प्रमाण त्यामुळेच ठसते. शिवाय जी बाजू कधीच दिसणार नाही ती घडवण्याचे श्रमही अशा रचनेत वाचतात.

उघड्या मुभेची मर्यादा पुन्हा कॅपकॉमच्याच खेळात दिसते. ईथन विंटर्सची कथा पुढे नेणाऱ्या २०२१ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हल व्हिलेज’ला २०२२च्या ऑक्टोबरात तृतीयपुरुषी दृष्टीची जोड देण्यात आली. परंतु या माणसाचा चेहरा खेळाडूने पाहू नये अशा बेताने सगळी कथा रचलेली होती, आणि कॅमेऱ्याच्या नव्या जागेला ते नाकारता आले नाही: कथेचे प्रसंग सुरू झाले की दृष्टी पुन्हा ईथनच्या डोळ्यांत जाते, आणि एरवी खेळाडूने कॅमेरा फिरवून त्याच्या समोर आणण्याचा प्रयत्न केला तर ईथन पाठ फिरवतो.